हे काय, त्या वळणामागेच!

...नाही, पण मला एक सांगा, त्याला खोटं बोलणं म्हणतात का? तुम्ही शहाणीसुरती माणसं आहात, तुम्हीच निवाडा करा. भर जेवणाच्या टेबलावर, आठ पाहुणे बसलेत, माझी सख्खी लेक बसलीये, वाढणारी बाई सूपाचं भांडं धरून उभी, आणि एवढ्या सगळ्यांच्या देखत तो साडेसहा फुटी डच माणूस खिशातून वही काढतो, चष्मा चढवतो आणि मला, कुस्तोदिओ सियाचोकेला, ज्यानं तीस वर्षं या बोयाका प्रांतातल्या एकूण एक घाटातून ट्रक भरभरून बटाटे वाहिले त्याला, म्हणतो, "तुम्ही खोटं बोलता." आणि तेही शांतपणे हो! रागानं बोलला असता तर मीही रागावलो असतो, चार शब्द इकडचे तिकडं झाले असते, मग मिठी मारून दोघंही मोकळे. पण हा आपला मीठ जरा इकडं सरकवा म्हटल्यासारखं बोलला. दोन वर्षं म्हणे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आमची भाषा शिकला... कशासाठी? तर मला हे ऐकवायला!

आणि मी केलं काय होतं? त्या दिवशी सकाळी पहिल्याच चढावर त्याची बायको हाशहुश करत विचारायला लागली, अजून किती आहे? मी ट्रकच्या खिडकीतून मान बाहेर काढली, ओठांचा चंबू करून वर दाखवलं आणि म्हटलं, "हे काय, त्या वळणामागेच!" बस्. एवढा माझा गुन्हा. आणि तुम्हाला सांगतो, या माणसानं वळणं मोजली! वहीत एकेक रेघ, चार उभ्या एक आडवी, चार उभ्या एक आडवी... त्रेसष्ट! त्रेसष्ट वळणं, सतरा किलोमीटर, आणि मी ते वाक्य किती वाजता बोललो तेसुद्धा लिहून ठेवलेलं, दहा वाजून चाळीस मिनिटं. अहो, चढावर सायकल मारताना माणसाला श्वास मोजता येत नाही, हा वळणं मोजतोय. निवृत्त इंजिनिअर, नाव योस्त. जन्मभर कालवे बांधले. त्यांच्याकडं म्हणे आकडा चुकला तर समुद्र घरात येतो. असेल बाबा. आमच्याकडं समुद्र यायचा म्हणजे त्याला अडीच हजार मीटर चढून यावं लागेल, आणि वाटेत त्यानं विचारलंच अजून किती, तर त्यालाही आम्ही हेच सांगू.

कारण वाट विचारणारा माणूस दमलेला असतो. दमला नसता तर विचारलंच नसतं ना? मग दमलेल्या माणसाच्या तोंडावर सतरा किलोमीटर फेकून मारायचे? ही काय माणुसकी झाली? पाठीवर पोतं, पायात गमबूट, अंगावर भिजलेली घोंगडी, असा माणूस दारात उभा राहिला की गुळाचं गरम पाणी द्यावं, त्यात चीजचा तुकडा टाकावा, आणि किती राहिलं विचारलं तर म्हणावं, हे काय, त्या वळणामागेच. तो जातो बिचारा. वळणामागे गाव नसतं, पण पुढचं वळण असतं ना! आमचे पाद्रीबाबा स्वर्गाबद्दल दुसरं काय सांगतात? निवडणुकीला उभा राहिलेला पुलाबद्दल दुसरं काय सांगतो? माझी बायको, एर्मेन्सिया, नोएमीच्या वेळेला तिला कळा सुरू झाल्या, ट्रकमध्ये घातलं आणि एकतीस किलोमीटर मी तिला हेच सांगत आणलं. त्रेसष्टपेक्षा जास्त वळणं असतील, तिनं नाही मोजली. शिव्या मोजल्या असत्या तर वही पुरली नसती. आणि दवाखाना खरोखरच एका वळणामागे राहिला तेव्हा नोएमीबाईंना दम निघाला नाही. तिथंच, ट्रकमध्ये, दोन बटाट्याच्या पोत्यांच्या मध्ये. तेव्हापासून तिला थांबून राहणं माहीतच नाही.

तर ही माझी नोएमी. सव्वीस वर्षांची. तुन्ह्याच्या कॉलेजात पर्यटनाचं शिकली, इंग्रजी फाडफाड, डोंगरातलं प्रत्येक पाखरू नावानं ओळखते, सायकलची साखळी डोळे मिटून बसवते आणि घाटात तर... नाही, मी बाप आहे म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा, पोरगी घाट चढते तेव्हा जिना उतरल्यासारखी चढते. मी स्वतः एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली तालुक्याच्या सायकल शर्यतीत एकविसावा आलो होतो. किती जण उतरले होते ते विचारू नका. पण एकविसावा. तेव्हा रक्तातच आहे म्हणा.

पण तिचे साहेब, एर्नानसाहेब, राजधानीतले, बोगोताकर! परदेशी पाहुण्यांना सायकलवरून डोंगर फिरवायचा त्यांचा धंदा, आणि नोएमी त्यांच्याकडं चार वर्षं दुय्यम गाइड. मुख्य गाइडची जागा निघाली तर साहेब म्हणतात, मुलगी आहे, घाटात पाहुण्यांनी हात टेकले की हिचं कोण ऐकणार? त्यापेक्षा माझा भाचा सेबास्तियान बरा. भाचा बरा! तीन गट नेले भाच्यानं, तिन्ही वेळा निम्मे पाहुणे गाढवघाट ट्रकमध्ये बसून चढले. हो, गाढवघाटच नाव आहे, बावीस किलोमीटरचा चढ आहे, एकेकाळी गाढवसुद्धा मध्येच बसायचं म्हणून. शेवटी नोएमी फारच मागं लागली तेव्हा साहेबांनी अट घातली. हा डच लोकांचा एक गट ने. गाढवघाटाच्या माथ्यावर, कार्मेनमातेच्या पुतळ्याखाली, आठच्या आठ पाहुण्यांचा सायकलीसकट फोटो पाठव. आठही जण आपल्या पायांनी चढलेले. एक जरी ट्रकमध्ये बसला तरी जागा भाच्याची. आणि ट्रक कुणाचा घ्यायचा? तर बापाचाच घे म्हणाले, नेहमीचा ड्रायव्हर बहिणीच्या लग्नाला गेलाय.

मला सांगा, छाती फुगणार नाही? लेक पुढं सायकलवर, बाप मागं ट्रकमध्ये! मी पोती काढली, ट्रक धुतला, तीस वर्षांत पहिल्यांदा धुतला, आतून हिरवा निघाला, मला वाटायचं तपकिरी आहे. आणि पहिल्याच दिवशी त्या योस्तनं वही काढली.

त्या जेवणानंतर लेकीनं मला बाहेर बोलावलं. आता आमच्या बोयाकात सगळ्यांना अहो-जाहो. बाप लेकीला अहो म्हणतो, लेक बापाला आपण म्हणते, मी गाईचं दूध काढतानासुद्धा अहो जरा सरका म्हणतो, आणि सरकते ती. पण ज्या दिवशी हे आपण-आपण फार गोड व्हायला लागतं ना, त्या दिवशी समजावं आपलं काही खरं नाही. नोएमी म्हणाली, पापा, ही माणसं आकड्यांवर जगतात, त्यांना नेमका आकडा हवा असतो, तो मी सांगीन, आपण कृपा करून घाट संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी म्हटलं, अहो नोएमी, कुणी थेट मला विचारलं तर? म्हणाली, आपण गोड हसायचं. माझ्या तोंडाला कुलूप! ज्या तोंडानं एवढी माणसं घाट चढवली, त्या तोंडाला! पण लेकीची जागा पणाला लागलेली. मूग गिळून बसलो.

आणि पाहुणे, तुम्हाला सांगतो, माणसं सोन्यासारखी. सगळे साठीच्या पुढचे, सगळे ताडमाड, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, इतके चिकटलेले की आमच्या गावातल्या बायकांनी पहिल्या दिवशी खिडक्या लावून घेतल्या आणि फटीतून बघितलं. त्यांच्या देशात म्हणे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे गाय. सपाटीवर सोडलं की वाऱ्यासारखे जायचे, चढ लागला की तोंडं अशी व्हायची जणू रस्त्यानं विश्वासघात केला. पण मला एक कळेना... आपलं घर, आपली कॉफी, मऊ गादी सोडून माणसं समुद्र ओलांडून येतात, आणि कशासाठी, तर आमच्या घाटात छाती फुटेस्तोवर सायकल मारायला! ज्या घाटाला मी जन्मभर शिव्या घातल्या, तिथं ही माणसं थांबून थांबून खोऱ्याकडं बघायची, बटाट्याची हिरवी शेतं, मेंढ्या, मध्येच एखादं लाल कौल. योस्तची बायको तिनेके, चौसष्ट वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती तर एकदा माझा हात धरून म्हणाली, तुम्ही इथं राहता! म्हणजे रोज! मी गोड हसलो. बोलायचं नव्हतं ना. पण खरं सांगू, त्या रात्री मी अंगणात उभा राहून आमचा डोंगर पहिल्यांदा नीट बघितला.

आणि चौथ्या दिवशी गाढवघाट.

सकाळी दूध-अंड्याचं सूप प्यायले सगळे. योस्तनं विचारलं, आज किती? मी ओठांचा चंबू केला होता, लेकीनं बघितलं, मी चंबू परत घेतला. ती म्हणाली, बावीस किलोमीटर, अकराशे मीटर चढ. खडखडीत. योस्तनं लिहून घेतलं, हँडलवरच्या यंत्राशी ताडून बघितलं आणि मान डोलावली, जणू बँकेत सही जुळली. पण बाकीच्यांचे चेहरे मी बघत होतो ना खिडकीतून. बावीस म्हटल्याबरोबर आठही चेहरे अर्धा इंच खाली आले. तरी निघाले. सहा जण दणकट होते, ते पुढं गेले, रस्ता एकच, चुकायला फाटा नाही. मागं राहिली तिनेके, तिच्या जोडीला योस्त, त्यांच्या मागं नोएमी आणि सगळ्यांच्या मागं मी. पहिल्या गिअरमध्ये. माझ्या ट्रकला चालणं येतं, रांगणं येत नाही, तरी रांगवला.

सहा किलोमीटरला तिनेकेनं विचारलं, नोएमी म्हणाली सोळा राहिले. दहाला विचारलं, बारा राहिले. अहो, खरं होतं, मी कुठं नाही म्हणतो? पण दरवेळी तो आकडा ऐकला की ती बाई सायकलवर थोडी आणखी वाकायची, कुणी तिच्या पाठीवर तेवढे बटाटे ठेवल्यासारखी. मी आत बसून ओठ चावतोय. त्यात धुकं उतरलं. नंतर पाऊस, आमचा तो बारीक, गार, तास तास चालणारा. खोरं गेलं, मेंढ्या गेल्या, सायकलसमोर चार हात रस्ता तेवढा उरला. आणि तेराव्या किलोमीटरला, जिथं गवळी दुधाचे कॅन ठेवतात ना, तो सिमेंटचा ओटा, तिथं तिनेके उतरली.

तिनं शांतपणे विचारलं, अजून किती? नोएमीनं पाऊस पुसला, आणि माझ्या लेकीचा आवाज पहिल्यांदा जरा अडखळला. पण सांगितलं. नऊ.

तिनेकेनं मान डोलावली. खरं सांगितल्याबद्दल आभार मानले! सायकल ओट्याला टेकवली, आणि गुडघा धरून, एकेक पाऊल टाकत, माझ्या ट्रककडं यायला लागली.

आता तुम्ही मला नावं ठेवा. ठेवा, ऐकून घेतो. पण त्या बाईच्या मागं उभी असलेली माझी पोर मला दिसत होती. चार वर्षं दुसऱ्याच्या मागं सायकल मारलेली. दुसऱ्यांच्या साखळ्या बसवलेली. आणि आता एका दारापाशी सगळं संपायला आलेलं, आणि ते दार माझ्या ट्रकचं! ती बाई दाराशी पोचली, बाहेरची मूठ धरली, आणि मी... मी आतली मूठ धरली. दोन्ही हातांनी. बाहेरून ती ओढतेय, आतून मी ओढतोय. तोंड उघडायला बंदी, म्हणून तोंडानं काही नाही, पण चेहऱ्यानं खुणा करतोय, अडकलंय, जुना ट्रक, काय करणार, आणि गोड हसतोय! अहो, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, पण ओढ अशी की माझे खांदे निखळायची वेळ. डच लोक लहानपणापासून दूध पितात म्हणतात ते खरं असावं. वर आरशाला टांगलेली कार्मेनमाता हेलकावे खातेय आणि मी मनात म्हणतोय, माते, आज एक दिवस हे दार अडकव, पुन्हा कधी काही मागणार नाही.

आणि काचेवर टकटक झाली. नोएमी.

"दार उघडा, पापा."

मी मान हलवली. मोठ्यानं नाही, एवढीशी. तिला कळलं पाहिजे, बाकीच्यांना नको. तिनं माझ्याकडं बघितलं. पावसानं केस कपाळाला चिकटलेले, ओठ निळे पडलेले, आणि डोळे... तिच्या आईचे डोळे, एकतीस किलोमीटर शिव्या घालणारीचे. म्हणाली, "पाहुण्यांनी गाडी मागितली की गाडी द्यायची. उघडा."

उघडलं. काय करता? लेक सांगते, उघडलं. आणि तुम्हाला सांगतो, तिनं नुसतं दार उघडायला लावलं नाही. सीटवरची माझी घोंगडी उचलून झटकली, बाईंना बसायला जागा केली, आपले कोरडे हातमोजे काढून त्यांच्या हातात दिले. स्वतःच्या हातानं स्वतःची जागा त्या भाच्याला देत होती, आणि चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मी गिअरच्या दांड्याकडं बघत बसलो. दुसरीकडं बघवेना.

तिनेकेनं एक पाय पायरीवर ठेवला. आणि थांबली. मागं वळली. आणि परत तोच प्रश्न! आत्ता ऐकलं होतं की नऊ, कानानं नीट ऐकलं होतं, तरी परत विचारलं, "नोएमी, अजून किती?"

आणि माझी नोएमी, तुन्ह्याची शिकलेली, खडखडीत आकडे सांगणारी, बापाच्या तोंडाला कुलूप घालणारी, तिनं वर घाटाकडं बघितलं. वर काय होतं? धुकं! वळणसुद्धा दिसत नव्हतं हो, बघायला! आणि तिनं ओठांचा चंबू केला, हनुवटी अशी जरा वर उचलली, आणि म्हणाली, "हे काय, त्या वळणामागेच."

तोच सूर! तोच चंबू! अहो, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी वायपर लावला, म्हटलं काच ओली आहे म्हणून दिसत नाही, तर काच आतून कोरडी आणि मीच ओला.

तिनेके तिच्याकडं बघतच राहिली. ती काय खुळी होती? वळण म्हणजे त्रेसष्ट, हे त्या घरात वहीत लिहिलेलं होतं. आणि नोएमी खोटं बोलत नाही, हेही तिला चार दिवसांत कळलेलं. म्हणूनच कळलं तिला, की ही पोरगी आता अंतर सांगत नाहीये. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. आणि योस्तच्या हँडलवर ते यंत्र, पावसातसुद्धा चालू, आणि त्यात आकडा लखलखतोय, आठ पॉइंट नऊ की काय ते. तो माणूस आकड्यापुढं बायकोची भीड ठेवणारा नव्हे. त्यानं यंत्राकडं बघितलं. तोंड उघडलं. मी डोळे मिटले.

काही ऐकू येईना म्हणून एक डोळा उघडला. योस्तनं यंत्र हँडलवरून काढलं होतं. खिशात टाकलं, खिशाची चेन लावली, आणि बायकोला त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलला. नंतर मी नोएमीला विचारलं काय म्हणाला, तर ती म्हणाली, पापा, तो म्हणाला, फारसं नाही. फारसं नाही! नऊ किलोमीटर! जन्मभर कालवे मोजणारा माणूस! चार दिवस राहिला फक्त आमच्यात, बघा.

तिनेकेनं पायरीवरचा पाय काढला. दार लावलं. हळूच लावलं, पण लावलं.

मग काय सांगू... तिनेके परत सायकलवर बसली, नोएमी तिच्या शेजारून चालली, मध्येमध्ये खिशातून पानात गुंडाळलेली पेरूची वडी काढून तिला भरवतेय, केळ्याच्या सालीसारखी ती पानं सोलून सोलून. पहिल्या वळणाशी तिनेकेनं फक्त मान वर केली, नोएमी म्हणाली, हे काय, त्या वळणामागेच. दुसऱ्या वळणाला परत. दहाव्या वळणाला नोएमीला दम लागला होता तर योस्त म्हणाला! त्याच्या त्या ठोकळे आपटल्यासारख्या उच्चारात, पण ओठांचा चंबू करून, आणि डच माणसानं चंबू केला की घोडा शिंकणार असं वाटतं. तिनेके हसायला लागली. हसत हसत चढली हो ती बाई. गुडघा दुखत होता, ते मला मागून दिसत होतं, दर पायडलला खांदा खाली जायचा. पण थांबली नाही. मी मागं ट्रकमध्ये, काचा बंद करून, मोठमोठ्यानं तेच म्हणत होतो. बाहेर ऐकू जात नव्हतं, म्हणजे बंदी मोडली असं म्हणता येणार नाही.

आणि गंमत ऐका. खरोखरच माथा एका वळणामागे उरला, तेव्हा नोएमीनं सांगितलं, आता त्या वळणामागेच. तर तिनेके म्हणाली, हो हो, माहितीये, आणि मान खाली घालून मारतच राहिली! कार्मेनमातेच्या चौथऱ्याला जाऊन धडकायच्या बेतात होती, पुढं पोचलेल्या सहा जणांनी धरलं. धरल्यावरसुद्धा तिचे पाय दोनदा फिरले. आठ! मोजले मी. एकदा नाही, तीनदा मोजले. आठच्या आठ, आपापल्या पायांनी, आणि माझी लेक नववी, सायकल धरून उभी, आणि थंडीनं थडथडतेय. मी ट्रकमधून उतरलो, घोंगडी तिच्या अंगावर घातली. बोलायची सोय नव्हती.

फोटो काढला. फोटोत काय आलं? धुकं! पांढरं फटक! वर मातेचा एक हात, खाली काहीतरी आठ-नऊ ठिपके. पाठवला बोगोताला. पाच मिनिटांत साहेबांचा फोन, हे पाहुणे आहेत की मेंढ्या? कुणी कुणाला कसं ओळखायचं? कशावरून सगळे सायकलनं चढले? नोएमी काही बोलणार तेवढ्यात योस्तनं हात पुढं केला, फोन घेतला, खिशातून वही काढली, चष्मा चढवला. आणि आठ जणांची आठ नावं, प्रत्येक जण माथ्यावर किती वाजून किती मिनिटांनी पोचला ते, पुढच्या सहा जणांना विचारून टिपलेलं, एकामागून एक वाचून दाखवलं. वर म्हणाला, गाइड उत्तम आहे. एकच तक्रार आहे, ती लिहून घ्या. अंतराची माहिती अजिबात भरवशाची नाही. कृपया बदलू नये.

डच माणसाच्या वहीपुढं कोण बोलणार? मिळाली जागा! बोयाकातली त्या धंद्यातली पहिली बाई मुख्य गाइड, माझी नोएमी. मी गावात एक घर सोडलं नाही. दुकानात सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, गाईला सांगितलं. एर्मेन्सिया म्हणाली, अहो पुरे आता, दृष्ट लागेल. लागू दे म्हटलं, आमची दृष्टसुद्धा चढ चढून यावी लागेल.

आणि मग गेल्या रविवारी लेक जेवायला आली. बटाटे सोलून दिले आईला, ताट घेतलं, माझ्यासमोर बसली, आणि आपण-आपण फार गोड व्हायला लागलं. मी ओळखलं. म्हणाली, पापा, पुढच्या गटापासून ट्रकवर सेबास्तियान येईल.

सेबास्तियान! तो भाचा! मी म्हटलं, का हो? माझा ट्रक चालत नाही? मी चालवत नाही? म्हणाली, "आपण दार आतून धरून ठेवलं होतंत."

मी म्हटलं, अहो नोएमी, तुमच्यासाठीच धरलं होतं!

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच."

घ्या! सख्ख्या बापाला काढलं! जिला बटाट्याच्या पोत्यांत जन्माला घातली तिनं! रात्रभर कूस बदलत होतो. आणि तुम्हाला सांगतो, पहाटेला कळलं... बरोबर आहे हो पोरीचं. उद्या खरंच कुणाची छाती दुखली, खरंच कुणाला बसायला हवं असलं, आणि आत बाप मूठ धरून बसलेला असला तर? हे भाच्याला कळलं नसतं, साहेबांना कळलं नसतं, मलाही कळलं नव्हतं. तिला कळलं. अशीच पाहिजे मुख्य गाइड. अभिमान वाटतो मला, खोटं कशाला सांगू.

आता लोक मला म्हणतात, कुस्तोदिओ, गप्प का बसलात, तुम्ही बाप आहात, ठणकावून सांगा तिला. सांगितलं असतं हो. पण काय करता... मुख्य गाइडचा हुकूम आहे.